न्यूयॉर्क सबवे : नदीखाली फोन मेला तरी पोलिसाचा रेडिओ कसा काय चालतो?

क्वीन्सची_मृदुला :

नमस्कार मंडळी, इथे वायरलेस, रेल्वे, पोलीस अशा क्षेत्रातली बरीच मंडळी आहेत म्हणून विचारते. मी जॅक्सन हाइट्सला राहते, रोज ई ट्रेनने मॅनहॅटनला जाते. कोर्ट स्क्वेअर सुटलं की गाडी ईस्ट रिव्हरच्या खाली जाते आणि लेक्सिंग्टन-५३ला वर येते, मधे साधारण चार मिनिटं फोन पूर्ण मेलेला असतो, आईशी बोलत असले तरी मी आधीच सांगून ठेवते की आता कट होणार म्हणून.

गेल्या आठवड्यात नेमकं त्या पट्ट्यात आमच्या डब्यातली एक वयस्कर बाई उभ्या उभ्या कोसळली, दांडा सुटला आणि सरळ खाली. सगळ्यांनी फोन काढले आणि सगळ्यांचेच बंद. डब्याच्या दुसऱ्या टोकाला एक पोलीस होता तो आला, तिच्याजवळ गुडघ्यावर बसला आणि खांद्याला क्लिप लावलेल्या माइकमधे दोन वाक्यं बोलला, गाडी कुठली, कितवा डबा, बाई शुद्धीवर आहे पण घाम फुटलाय. पलीकडून लगेच उत्तर आलं, अगदी स्वच्छ, मला शब्द न् शब्द ऐकू आला. दारं उघडली तेव्हा प्लॅटफॉर्मवर दोघंजण खुर्ची घेऊन उभे होते. बाई बऱ्या आहेत असं वाटतं, निदान जाताना बोलत होत्या.

तर दोन प्रश्न. एक, माझा फोन मेला आणि त्याचा रेडिओ चालला, हे कसं? दुसरं, नवऱ्याच्या ऑफिसातले एक देशपांडेकाका १९९१पासून इथे आहेत, ते म्हणाले की पूर्वी असं अजिबात नव्हतं, रस्त्यावरचा पोलीस जिना उतरला की त्याचा रेडिओ मुका व्हायचा आणि हे दुरुस्त करायला वीस वर्षं गेली. खरंच वीस वर्षं? एका वॉकीटॉकीला?

बिनतारी_निवृत्त (पुणे) :

मृदुलाताई, प्रश्न छान आहे. मी आयुष्यभर वायरलेसमधे काढलं, पोलिसांच्या बिनतारी विभागात आणि नंतर काही वर्षं बोगद्यांच्या कामावर, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज काढू. पोलिसाच्या हातातला सेट काही फार ताकदवान नसतो, चार-पाच वॅट. नदी आणि खडक भेदून वर जाईल असा कुठलाच सेट नाही. त्या पोलिसाचा आवाज जेमतेम काही फूट हवेतून गेला असेल, तिथून पुढे तारेने. बोगद्याच्या भिंतीवर एक जाड काळी केबल लावलेली असते, आम्ही तिला लीकी केबल म्हणतो, लीकी फीडर पण म्हणतात. साध्या केबलचं काम सिग्नल आत धरून ठेवायचं, हिच्या बाहेरच्या तांब्याच्या आवरणाला मुद्दाम ठरावीक अंतरावर खाचा पाडलेल्या असतात. शेतात ठिबकची नळी बघितलीय ना, पाणी पुढेही जातं आणि वाटेत थेंब थेंब झिरपतही राहतं, अगदी तसंच. आणि हे दोन्ही बाजूंनी चालतं, सेटमधून निघालेला सिग्नल त्याच खाचांतून आत शिरतो आणि केबलने स्टेशनच्या रेडिओ खोलीत जातो, तिथून फायबरने कंट्रोलला.

फोनचं म्हणाल तर फोन कंपन्यांनी तशीच सोय त्या बोगद्यात केली की तुमचा फोनही चालेल. न्यूयॉर्कच्या स्टेशनांत केली आहे, सगळ्या बोगद्यांत अजून नाही. म्हणजे फरक हातातल्या यंत्राचा नाही, भिंतीवरच्या केबलमधे कुणाची फ्रिक्वेन्सी सोडली आहे त्याचा आहे.

आता हे ऐकायला सोपं वाटतं पण जीव जातो तो देखभालीत. केबल भिंतीला चिकटून लावली तर सिग्नल भिंतीतच मुरतो, म्हणून क्लॅम्प लावून चार बोटं सुटी धरायची, आणि शक्यतो गाडीच्या खिडकीच्या उंचीला, कारण डबा पत्र्याचा, सिग्नल आत शिरणार तो काचेतूनच. दर काही शे मीटरला सिग्नल दमतो, तिथे अँप्लिफायर. प्रत्येक अँप्लिफायरला वीज हवी, बॅटरी हवी, आणि प्रत्येक जण स्वतःची थोडी खरखर त्यात मिसळतो ती वेगळीच.

मी एकदा एका बोगद्यात (कुठला ते राहू दे) तीन रात्री एक दोष शोधत होतो. एका ठरावीक वळणानंतर आवाज तुटायचा, सेट बदलले, अँप्लिफायर बदलला, काही नाही. शेवटी एक जॉइंट उघडला, वरची रबर टेप दिसायला अगदी नवी, ती सोलली तर आतून चमचाभर पाणी आलं आणि तांबं हिरवंगार झालेलं. टेप गुंडाळणाऱ्याने शेवटचा वेढा ताणून दिला नव्हता, एवढंच. बाहेरून काहीही कळत नव्हतं. भुयारी रेडिओचं सगळं काम असल्या हजारो जॉइंटांवर उभं असतं, म्हणून वर्षं लागतात ताई.

प्रॉस्पेक्ट_पार्कवाला :

देशपांडेकाका बरोबर सांगतायत. मी ब्रुकलिनला असतो, हॅम रेडिओचा छंद आहे, इथल्या या विषयाच्या बातम्या बरीच वर्षं गोळा करतोय त्यामुळे इतिहास मी सांगतो.

१९९५पर्यंत न्यूयॉर्कमधे सबवेचं पोलीस दल वेगळं होतं, ट्रान्झिट पोलीस. रस्त्यावरचं एनवायपीडी, म्हणजे शहर पोलीस, वेगळं आणि सरकारी घरांच्या वसाहतींचं हाउसिंग पोलीस तिसरं. ट्रान्झिटवाल्यांचा रेडिओ व्हीएचएफवर, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात, साधारण १६० मेगाहर्ट्झच्या आसपास, बोगद्यातली लीकी केबल त्याच हिशोबाने टाकलेली. एनवायपीडीचा यूएचएफवर, म्हणजे त्याहून वरच्या पट्ट्यात, ४७०च्या वर. म्हणजे एकाच चोरामागे दोन पोलीस धावतायत, एक रस्त्यावर एक खाली, आणि दोघांना एकमेकांचं काही ऐकू येत नाही. निरोप द्यायचा तर खालच्याने आपल्या कंट्रोलला सांगायचं, त्या कंट्रोलने फोन उचलून दुसऱ्या कंट्रोलला सांगायचं, त्यांनी वरच्याला सांगायचं. यात गेलेला अर्धा मिनिट म्हणजे काय हे पोलिसाला विचारा.

एप्रिल १९९५मधे ट्रान्झिट पोलीस एनवायपीडीत विलीन झाले. गणवेश एक झाला, पगारपत्रक एक झालं, रेडिओ मात्र दोनच राहिले!! मग ठरलं की अख्ख्या सबवेत यूएचएफ न्यायचं. आणि अख्खा सबवे म्हणजे ४७२ स्टेशनं, त्यातली निम्म्याहून जास्त जमिनीखाली, काही बोगदे १९०४चे, आणि चोवीस तास चालणारी गाडी. पुण्या-मुंबईत रात्री मेट्रो बंद असते तेव्हा कामं उरकतात, इथे ती रात्रच नाही. कामगार बोगद्यात उतरवायचे तर गाड्या वळवा, झेंडेवाला उभा करा, बाजूला गाडीला वीज देणारा ६०० व्होल्टचा तिसरा रूळ (थर्ड रेल) जिवंत, आणि हाताला मिळालेले दोन तास.

२००७च्या जानेवारीत पेपरात आलं की जवळजवळ १४ कोटी डॉलर खर्च झालेत, सामान बसवून झालंय, पण पोलीस ते वापरत नाहीत कारण बऱ्याच ठिकाणी आवाज इतका फाटतो की काय बोलतोय कळतच नाही. पुढे दुरुस्त करत करत, वर-खाली पोलीस एकमेकांशी थेट बोलू शकतात असं जाहीर व्हायला २०१७ उजाडलं. १९९५ ते २०१७, करा हिशोब. वीस नाही, बावीस.

क्वीन्सची_मृदुला :

बापरे. पण मला एक कळत नाही, १४ कोटी डॉलर घालून सामान नवं, केबल नवी, तरी आवाज फाटतो कसा? खालच्या दर्जाचं सामान होतं का? काका, सांगा ना.

बिनतारी_निवृत्त (पुणे) :

सामानाला दोष देणं सोपं असतं, पण हा दोष चांगल्या सामानातही येतो. सांगतो.

गावच्या जत्रेत दोन टोकांना दोन भोंगे लावलेले असतात, माणूस एकच बोलत असतो. भोंग्याजवळ उभे राहा, सगळं स्पष्ट. बरोबर मधे उभे राहा, एक आवाज आधी पोचतो दुसरा जरा मागून, आणि "मंडळींनी प्रसादाचा लाभ" याचं नुसतं घुमणं ऐकू येतं. सबवेत तेच होतं. एकच चॅनल शेकडो स्टेशनांतून एकाच वेळी सोडायचा, याला सायमलकास्ट म्हणतात. फायबरमधून सिग्नलला किलोमीटरला साधारण पाच मायक्रोसेकंद लागतात, एका स्टेशनची फायबर दोन किलोमीटरची, शेजारच्याची वळसा घालून बारा किलोमीटरची, झाला की पन्नास मायक्रोसेकंदांचा फरक. जिथे दोन्ही सिग्नल सारख्या जोराचे तिथे पोलिसाच्या सेटमधे चिरफाड. उपाय असा की प्रत्येक टोकाला मोजून उशीर घालायचा, सगळ्यांचं घड्याळ एक करायचं, आणि मग माणसं पाठवून प्लॅटफॉर्म, जिना, मेझनीन (मधला मजला), बोगदा पायी चालून मोजायचं. एक स्टेशन जुळवलं की शेजारचं बिघडतं, असं शेकडो वेळा.

त्यात न्यूयॉर्कमधे जिन्यातून आणि फुटपाथवरच्या जाळ्यांतून रस्त्यावरचा सिग्नलही खाली झिरपतो, तो तिसरा भोंगा.

आणि जुनीच केबल का नाही वापरली असं कुणी विचारेल म्हणून आधीच सांगतो, फ्रिक्वेन्सी वाढली की केबलमधला तोटा वाढतो. व्हीएचएफला जी केबल एका दमात पुरत होती तिला यूएचएफला मधे जास्त अँप्लिफायर लागतात, म्हणजे नवी वीज, नव्या पेट्या, नवे जॉइंट.

वेम्बलीहून_सुहास :

लंडनची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण इथे नुसती वर्षं गेली नाहीत.

१८ नोव्हेंबर १९८७ला किंग्ज क्रॉसला आग लागली, लाकडी एस्कलेटरखाली, ३१ माणसं गेली. पुढच्या वर्षी फेनेल यांचा चौकशी अहवाल आला, त्यात जमिनीखाली पोलीस आणि अग्निशमन दल यांना एकमेकांशी रेडिओवर बोलता आलं पाहिजे हे लिहून दिलेलं होतं. मग ७ जुलै २००५. तीन स्फोट ट्यूबमधे (लंडनच्या भुयारी रेल्वेत), एक बसमधे, ५२ बळी. त्या दिवशीही जमिनीखाली रेडिओ चालत होता तो ब्रिटिश ट्रान्स्पोर्ट पोलिसांचा, बाकीच्या दलांना खालून वर निरोप द्यायचा तर माणूस धाडावा लागत होता, अक्षरशः पळत. रसेल स्क्वेअरला पिकॅडिली लाइन किती खोल आहे ते तिथे गेलेल्यांना माहीत आहे, आपत्कालीन जिन्याला १७५ पायऱ्या. त्या पायऱ्या चढून कुणीतरी सांगायचं की खाली अजून किती जखमी आहेत. २००६मधे लंडन असेम्ब्लीच्या समितीने हेच ठणकावून विचारलं की १९८८ला जे लिहून दिलं होतं ते २००५पर्यंत का झालं नाही. त्यानंतर मात्र काम झालं, एअरवेव्ह नावाची टेट्रा पद्धतीची (डिजिटल वॉकीटॉकीची) यंत्रणा २००९च्या सुरुवातीपर्यंत १२५ भूमिगत स्टेशनांत पोचली, आणि आता पोलीस, अग्निशमन, अँब्युलन्स तिघांनाही खाली रेडिओ चालतो.

मी रोज किंग्ज क्रॉसला गाडी बदलतो. तिथे भिंतीवर स्मृतिफलक आहे, घड्याळाच्या खाली. गर्दीत कुणी थांबत नाही पण मी महिन्यातून एकदा तरी थांबतो. मला राग याचा येतो की तंत्रज्ञान नव्हतं असं नाही, केबल होती, सेट होते, कोणी पैसे द्यायचे आणि कोणाच्या चॅनलवर कोणी बोलायचं हे ठरत नव्हतं.

प्रॉस्पेक्ट_पार्कवाला :

सुहास, शेवटच्या वाक्याला शंभर टक्के. इथेही ११ सप्टेंबरला पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून टॉवरची अवस्था दिसत होती आणि इमारतीत चढणाऱ्या अग्निशमन जवानांच्या रेडिओवर ते थेट पोचायची सोयच नव्हती. ३४३ जवान गेले. फ्रिक्वेन्सीचा मुद्दा कोरडा तांत्रिक वाटतो पण तो असा असतो.

अजून एक भर घालतो. ज्या ४७०-५१२च्या पट्ट्यासाठी एवढा खटाटोप केला, इथे त्याला टी-बँड म्हणतात, तो पट्टा पोलिसांकडून काढून लिलाव करावा असा कायदाच २०१२मधे झाला होता. म्हणजे बोगद्यातलं सगळं परत एकदा बदला. डिसेंबर २०२०मधे तो भाग रद्द झाला म्हणून हे संकट टळलं.

डोंबिवलीची_अनघा :

सगळं वाचून अंगावर काटा आला. मला तांत्रिक काही कळत नाही पण फोनवर विसंबून राहता येत नाही हे आम्ही मुंबईकरांनी ११ जुलै २००६ला बघितलंय. पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले, अकरा मिनिटांत. माझे बाबा तेव्हा चर्चगेटला नोकरीला होते, मी दहावीत, आई संध्याकाळी साडेसहापासून रात्री दहापर्यंत एकच नंबर फिरवत होती आणि नेटवर्क जाम, सगळं शहर एकाच वेळी फोन लावत होतं. बाबा रात्री साडेअकराला चालत, मिळेल ते वाहन करत घरी आले, चपलेचा एक अंगठा तुटलेला. ते तर जमिनीवर होतं!

आता आपली मेट्रो ३ झाली, आरे ते कफ परेड, ३३.५ किलोमीटर, एक स्टेशन सोडलं तर सगळी जमिनीखाली. काका, आपल्याकडे पोलिसांचा वॉकीटॉकी खाली चालावा म्हणून काय असावं लागतं? मेट्रोच्या लोकांकडे सेट दिसतात ते चालतात ना?

बिनतारी_निवृत्त (पुणे) :

अनघा, तुझ्या बाबांचं वाचून गलबललं.

मेट्रोच्या लोकांकडे दिसतात ते टेट्रा सेट, दिल्ली मेट्रोपासून आपल्याकडे हीच पद्धत आहे. ड्रायव्हर, स्टेशन कंट्रोलर, कंट्रोल रूम यांचं बोलणं त्यावर चालतं. पण तो मेट्रोचा स्वतःचा रेडिओ. स्टेशनबाहेरच्या चौकीतला हवालदार जिना उतरून आत आला तर त्याच्या हातातला सेट शहर पोलिसांच्या चॅनलवरचा. तो खाली बोलावा असं वाटत असेल तर त्याच लीकी केबलमधे पोलिसांचा चॅनलही सोडावा लागतो, स्टेशनच्या रेडिओ खोलीत कंबायनर नावाच्या पेटीतून दोन्ही एकत्र करतात. बोगदा बांधताना हे केलं तर खर्च किरकोळ, नंतर करायला गेलं की न्यूयॉर्क होतं. म्हणून कुठल्याही नव्या भुयारी मेट्रोत मी पहिला प्रश्न हाच विचारतो की अग्निशमन दलाचा माणूस आपला सेट घेऊन सर्वात खालच्या प्लॅटफॉर्मवरून बोलून बघितला का, दारं बंद करून, गाडी उभी असताना, माणसं भरलेली असताना. रिकाम्या स्टेशनातली चाचणी खरी चाचणी नाही, माणसाच्या अंगात पाणी असतं, गर्दी सिग्नल खाते.

आणि केबल दोन्ही टोकांनी जोडलेली आहे का हे दुसरं. एकाच टोकाने जोडलेली असेल आणि मधे आगीने किंवा स्फोटाने तुटली तर पलीकडचा सगळा बोगदा मुका. दोन्हीकडून असेल तर तुटलेल्या जागेपर्यंत दोन्ही बाजूंनी चालू राहते.

हडसनकाठ :

चर्चा उत्तम पण सगळं आता सुटलंय असं चित्र नको. एप्रिल २०२२मधे ब्रुकलिनच्या ३६ स्ट्रीट स्टेशनला गोळीबार झाला, दहा जणांना गोळ्या लागल्या, सुदैवाने कुणी दगावलं नाही, तेव्हा तिथे आलेल्या एका पोलिसाचा रेडिओ चालत नव्हता आणि त्याने प्रवाशांनाच ९११ला फोन करायला सांगितलं असं तिथल्या लोकांनी सांगितल्याच्या बातम्या होत्या.

दुसरं म्हणजे २०२३पासून एनवायपीडी आपले चॅनल डिजिटल आणि एन्क्रिप्टेड (बाहेरच्याला ऐकून कळणार नाही असे) करतंय, आकडा ३९ कोटी डॉलरचा सांगितला गेला. आधी कोणीही स्कॅनर घेऊन ऐकू शकायचं, वार्ताहर, स्वयंसेवी अँब्युलन्सवाले, सगळे. गुन्हेगारही ऐकायचे हे मान्य. पण अपग्रेडच्या नावाखाली जे बदललं त्यात लोकांच्या कानावरही पडदा आला हे नोंदवून ठेवतो. चांगला रेडिओ आणि बंद रेडिओ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकासाठी पैसे मागताना दुसरी बरोबर येते.

प्रॉस्पेक्ट_पार्कवाला :

मी ऐकणाऱ्यांपैकीच होतो, मला मनापासून वाईट वाटलं. खबऱ्यांची नावं, जखमींचे पत्ते खुलेआम जात होते हेही मी ऐकलंय, त्यामुळे सरसकट चूक म्हणत नाही. पण वार्ताहरांना काही मिनिटं उशिराने तरी मिळावं.

क्वीन्सची_मृदुला :

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मुद्दाम कोर्ट स्क्वेअरला प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन उभी राहिले आणि बोगद्यात नजर लावली. काका, भिंतीला चिकटलेल्या बऱ्याच केबली आहेत, धुळीने सगळ्या एकाच रंगाच्या झाल्यात, पण एक तेवढी भिंतीपासून सुटी धरलेली आहे, छोट्या छोट्या पायांवर उभी असल्यासारखी, साधारण खिडकीच्या उंचीला. तीच का?

आमच्या प्रिसिंक्टची (पोलीस ठाण्याच्या हद्दीची) कम्युनिटी कौन्सिलची मीटिंग दर महिन्याला असते, मी कधी गेले नव्हते, या वेळी जाणार आहे. काय विचारू?

बिनतारी_निवृत्त (पुणे) :

वर्णनावरून तीच. सुटी धरायची गरज तिलाच असते, आणि छोटे पाय म्हणजे तेच क्लॅम्प.

मीटिंगमधे तीनच गोष्टी विचारा. आवाज पोचत नाही अशा जागांची यादी कोणाकडे आहे आणि ती शेवटची कधी तपासली. वीज गेली तर अँप्लिफायरची बॅटरी किती तास चालते. आणि नदीखालच्या त्या बोगद्यातून पोलीस आणि अग्निशमन दल एकाच चॅनलवर एकत्र बोलून बघण्याचा सराव शेवटचा कधी झाला. उत्तरं काय मिळाली ते इथे लिहा, मी वाट बघतो.